माघातल्या पाण्याचा काठ

वडवणीच्या केदारअप्पानं जन्मात विमान पाहिलं ते मान वर करून, आभाळातून जाताना. पण रोज दुपारी जेवण झालं, की तो स्वतः विमान उडवायला बसायचा.

त्याचं असं, की बसस्टँडसमोर त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. बापजाद्यांचं किराणा दुकान थोरला भाऊ बघायचा. केदारनाथला तागडी धरायचा लहानपणापासूनच कंटाळा. त्या काळात जो तो म्हणायचा, आता कॉम्प्युटरचे दिवस आले, ज्याला ते यंत्र येणार नाही त्याला कुणी पोरगी देणार नाही. केदारनाथला पोरगी आधीच मिळाली होती, शिवकांता नावाची, चांगली ठसक्याची. तरी तो पुण्याला गेला आणि तीन जुनी यंत्रं टेम्पोत घालून घेऊन आला. सकाळी शिकवायचं, लग्नसराईत पत्रिका काढायच्या, एरवी लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. दुपारी तिथं कुणी फिरकत नसे. आणि त्या तीन यंत्रांपैकी एकाच्या पोटात आधीच्या मालकानं विमानाचा खेळ तसाच सोडला होता.

खेळ म्हणजे बंदुकीचा नव्हे. विमानात पुढं बसल्यावर काचेतून जसं दिसत असेल, तसं पडद्यावर दिसायचं. खाली जमीन सरकायची, डोंगर यायचे, शहरं यायची. जगात कुठूनही उडा, कुठंही उतरा. केदारनाथनं लंडन एकदा पाहिलं, दिल्ली दोनदा. मग मात्र त्याचं विमान औरंगाबादहून निघायचं आणि सरळ बीडकडं वळायचं. माणूस कुठंही फिरून आला, तरी शेवटी आपल्या गल्लीतून एक चक्कर मारतोच.

"अहो, विमान उतरलं असंल तर गिरणीतून दळण आणता का?" शिवकांता मधल्या दारातून विचारायची.

"अजून गेवराईवर हाय."

"मंग चकलांब्याला चहा घेऊनच या."

बीडवर आलं, की खाली नुसती तपकिरी चादर. ना नदी, ना तळं. खेळ बनवणाऱ्यांनी सगळ्या जिल्ह्यात पाण्याचा थेंब ठेवला नव्हता. तसं पाहिलं तर त्यांचं फार चुकलं होतं असंही नाही. चैत्र-वैशाखात जमिनीवरून बघितलं तरी जिल्हा साधारण तसाच दिसतो. पण टाकळवाडीचा तलाव तरी पाहिजे होता. वडवणीपासून तीन कोसांवरचा तो तलाव, केदारनाथ त्यातच पोहायला शिकला होता.

पुण्यात अशाच विमानवेड्या दहाबारा माणसांचं टोळकं होतं. बीडच्या इंटरनेटच्या दुकानात बसून केदारनाथनं त्यांना गाठलं. त्यांचे म्होरके सुंदरराव म्हणून होते. जमिनीचे फोटो काढणाऱ्या विमानावर त्यांनी उभी नोकरी केली होती आणि आता निवृत्त होऊन घरात बसल्या बसल्या उडत होते. त्या टोळक्यानं ठरवलं होतं, की गोदावरीपासून भीमेपर्यंतची सगळं पाणी खेळात घालायचं आणि त्याची सीडी काढायची. ज्यानं त्यानं आपापल्या गावचं पाणी करून पाठवायचं, सुंदरराव त्याच्यावरून उडून बघणार, आणि पटलं तरच सीडीत घेणार.

केदारनाथला त्या सीडीत टाकळवाडीचा तलाव हवा होता. दुसरं काही नको होतं. लोक महादेवाजवळ काय काय मागतात. ह्यानं त्या वर्षी तलाव मागितला.

पाणी करायचं म्हणजे शिवणकामासारखं असतं. खाली नकाशा ठेवायचा आणि काठावरून एकेक ठिपका देत जायचं, धावदोरा घालतात तसा. सगळा काठ फिरून पहिल्या ठिपक्याला येऊन मिळालं, की आत पाणी भरतं. लगेच भरतं, पावसाची वाट बघावी लागत नाही. पण टाके कोणत्या बाजूनं घालायचे ह्याला नियम होता, आणि पहिल्या खेपेला ते उलटे पडले. तलाव कोरडा ठणठणीत आणि बाहेर सगळा तालुका पाण्यात. दुसऱ्या खेपेला पाण्याची उंची चुकली, तर तलाव ताटातल्या खरवसाच्या वडीसारखा जमिनीवर येऊन बसला. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं, पण काठाला खेळातली तयार पट्टी लागली: पिवळी वाळू आणि त्यावर फेसाळ लाटा.

शिवकांतानं हात पुसत पुसत बघितलं. "अगं बया! टाकळवाडीला समुद्र आला. नारळी पुनवेला नारळ सोडाय जाऊ."

मग केदारनाथनं फोटोवाल्या सत्यमला स्कूटरवर मागं बसवून तलावावर नेलं. काळ्या मातीचे, भेगांचे, बेशरमाच्या झुडपांचे फोटो काढून आणले. सत्यम म्हणाला, "अप्पा, नवरा-नवरीचे फोटो सोडून आज चिखलाचे काढलेत, घरी सांगू नका." ते फोटो यंत्रात घालून काठाची पट्टी काळी केली, पाणी गढूळ केलं, फ्लॉपी खिशात घातली आणि एसटीनं बीडला जाऊन पुण्याला धाडून दिलं.

चौथ्या दिवशी सुंदररावांचा फोन आला.

"केदारनाथ, पाण्याचा रंग झकास जमलाय. अगदी चहासारखा. पण हा तलाव मला खोटा वाटतो."

"का हो सर?"

"एक तर इतकं पाणी तिथं नसतं. मी फेब्रुवारीअखेर त्या बाजूनं पुष्कळदा उडालोय. आणि दुसरं म्हणजे काठ. तुमचा काठ वाटीच्या कडेसारखा गुळगुळीत आहे. मला आठवतंय, त्या काठाला दात होते."

"दात?"

"कंगव्याला असतात तसे. बारीक, लांब, पाण्यातून जमिनीत घुसलेले. ते काय होतं मला आजवर कळलेलं नाही. पण वरून तो तलाव ओळखू यायचा तो त्या दातांवरूनच. बघा, पाडव्याला सीडी काढायची आहे. तोवर काठ खरा झाला तर ठेवू, नाहीतर तुमचा तलाव वगळावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

केदारनाथनं वाईट वाटून घेतलं. त्या दिवशी त्यानं अर्धीच भाकरी खाल्ली आणि शिवकांतानं ताट उचलताना काही विचारलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

अशात टाकळवाडीचा धुळाजी अर्ज टाइप करून घ्यायला आला. अर्ज गाळपेऱ्याचा होता. दिवाळीनंतर तलावाचं पाणी जसजसं मागं सरतं, तसतशी तळातली गाळाची जमीन उघडी पडते. ती सरकारची, वर्षापुरती मागून घ्यायची, पेरायची, आणि पुढच्या पावसाचं पाणी यायच्या आत पीक काढून मोकळं व्हायचं. हरभरा, गहू, मागून टरबूज. खत घालायचं काम नाही. धुळाजीचा अर्ज दरसाल असाच पेरणी उरकल्यावर यायचा, कारण धुळाजी कोणत्याच कामाला वेळेवर उठणारा नव्हता.

त्याची नजर पडद्यावर गेली. "हे काय हाय, अप्पा?"

"टाकळवाडीचा तलाव. वरून असा दिसतो."

"आन माझं रान?"

केदारनाथ आपल्याच विचारात होता. त्यानं बोट ठेवलं. "इथं कुठं तरी असंल."

बोट बरोबर पाण्याच्या मधोमध होतं. धुळाजी अर्ज तिथंच टाकून जो सुटला, तो थेट गावात. दिवस मावळायच्या आत टाकळवाडीत घरोघर झालं, की केदारअप्पाच्या कॉम्प्युटरवर सरकारचा नवा नकाशा आलाय, तलाव भरलेलाच ठेवणार हायेत, गाळपेरा बंद.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या पायऱ्यांवर वीस-पंचवीस माणसं. पुढं विमलबाई. साठीची, डोक्यावर पदर घट्ट, गाळपेऱ्याच्या रानात तिचा शब्द तलाठ्याच्या वर चालायचा. शिकायला आलेल्या दोघी-तिघी मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

"दाखीव नकाशा," विमलबाई म्हणाली.

"मावशी, नकाशा न्हाई तो, खेळ हाय. विमानाचा."

"मंग खेळात आमचं रान कावून बुडवलं?"

"बुडवलं न्हाई हो, पाणी भरलंय."

"ऐका!" मागून रामहरी ओरडला. "बुडवलं न्हाई म्हनतो, पाणी भरलंय! आरं अप्पा, माझा हरभरा घाट्यात आलाय बे!"

केदारनाथनं यंत्र सुरू केलं, विमान उडवलं, सगळ्यांना तलावावर नेलं. एक म्हातारा विमान वळताना दाराला धरून बसला. सगळा तलाव काठोकाठ भरलेला, चकाकणारा. आणि तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा.

"आता?" धुळाजी म्हणाला. "आता कुठं गेलं पाणी?"

"बोर्डानं सोडलं," शिवकांता दारातून म्हणाली, आणि पहिल्यांदा हशा पिकला. तिनं सगळ्यांना पाणी दिलं, चहा टाकला. माणसं पायऱ्यांवर बसली, म्हणजे भांडण अर्धं मिटलं.

विमलबाईनं बशी खाली ठेवली. "खरं सांग. पाण्याची रेघ कुठून आणलीस तू?"

"सिंचन खात्याच्या नकाशावरून. पूर्ण भरल्यावरची."

"त्या रेघेला पाणी येकदाच लागलं बाबा. माझी मनिषा पाळण्यात हुती तवा. आता तिला दोन लेकरं हायेत."

केदारनाथला लाज वाटली. मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. पुण्याची सीडी, सुंदररावांचा फोन, पाडव्याची मुदत, आणि ते दात. "मावशी, माघात त्या काठाला दात असत्यात म्हणं. वरून दिसत्यात. मला तर कधी दिसले न्हाईत."

विमलबाई हसायलाच लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आरं येड्या, चर हायेत ते! पाणी मागं गेलं, की काठावरची मोटर कोरडी पडती. मंग मोटरीपासून पाण्यापतूर चर खांदायचा, म्हंजी पाणी मोटरीपशी येतं. ज्याची मोटर त्याचा चर. तू पवायला आलतास का कधी माघात?"

कशाला गेला असता? तो पोहायला जायचा तलाव तुडुंब असताना, आणि वाण्याच्या पोराचं माघात तिकडं कामच काय. तीन कोसांवर जन्म गेला, आणि जे पुण्याच्या माणसाला आभाळातून दिसलं, ते ह्याला स्कूटरवरून दिसलं नव्हतं. चिखलाचे फोटो काढायला गेला, तेव्हासुद्धा त्यानं खाली चिखल बघितला, लांबवर काठ बघितलाच नाही.

"मला ते चर काढून द्याल का? म्हणजे, कुठं कुठं हायेत ते."

"चरच कावून? सगळा काठ देते की. शिवरातीच्या दुसऱ्या दिशी ये. अमावश्या हाय. खुंट्या ठोकायच्या हायेत."

शिवरात्रीचा उपास सोडून दुसऱ्या सकाळी नवराबायको स्कूटरवरून टाकळवाडीला गेली. शिवकांता वही-पेन घेऊन मागं बसली होती. कशाला येतेस विचारल्यावर म्हणाली, "तुमी मोजताना बोलत बसता आन आकडा इसरता. पत्रिका मोजताना इतकी वर्षं बघतेय."

तलावावर बघण्यासारखंच होतं. गाळपेऱ्याच्या रानात बांध टिकत नाहीत, दरसाल पाण्याखाली जातात. म्हणून विमलबाईच्या सासूच्या काळापासून चाल पडली होती: दर अमावस्येला पाण्याच्या कडेनं बाभळीच्या खुंट्या ठोकायच्या, आणि त्या ओळीपर्यंत ज्यानं त्यानं पेरायचं. पुढच्या अमावस्येला पाणी आणखी मागं गेलेलं असतं, तिथं नवी ओळ. त्यामुळं वरच्या अंगाला कार्तिकातल्या खुंट्या, तिथं हरभरा. त्याखाली मार्गशीर्षातल्या, तिथं गहू. मग पौष, तिथं कोवळे टरबुजाचे वेल. आणि पाण्याला लागून आज ठोकायची माघाची ओळ. सगळ्या वर्षाचं पाणी असं पायऱ्या-पायऱ्यांनी जमिनीवर लिहून ठेवलेलं.

केदारनाथनं वाकून एका जुन्या खुंटीला हात लावून बघितला. "मावशी, असली रेघ मोठमोठ्या आफिसात मिळायची न्हाई."

"आफिसातली मानसं पाय वले करत न्हाईत," विमलबाई म्हणाली आणि पहिली खुंटी ठोकली.

दोन दिवस ते चालले. बाई पुढं खुंटी ठोकायची, केदारनाथ पावलं मोजायचा, शिवकांता लिहायची. म्हसोबाच्या दगडापासून सुरुवात, सांडव्यापाशी वळण, मग टेकडीचा पायथा. साडेनऊ हजार पावलं भरली. प्रत्येक चराचं नाव लिहिलं: हा रामहरीचा, हा तात्याबाचा, हा सरळ, हा मधेच खडक लागला म्हणून वाकडा. कुठं वीस पावलांवर चर, कुठं चाळीस. उत्तरेच्या अंगाला मात्र एक लांब तुकडा आला, अडीचशे पावलांचा, आणि त्यात एकही चर नाही.

"हितं काय झालं?" शिवकांतानं विचारलं.

"हितं धुळाजी झाला," रामहरी म्हणाला. "ह्यो आन ह्याचे दोघं चुलतभाऊ. चर कोन खांदंल? माझ्याच चरात पाइप सोडत्यात. धा वर्सं झाली."

"पाणी काय तुझ्या एकट्याचं हाय व्हय?" धुळाजी वरच्या एका दगडावरून म्हणाला. तो बसूनच होता.

"पाणी न्हाई, खांदलेली माती माझी हाय!"

घरी येऊन केदारनाथनं तलाव पहिल्यापासून केला. काठ आत आला, पाणी अर्ध्यावर उतरलं, वर काळी पट्टी, तिच्यावर हिरवी. मग एकेक चर. पत्रिकांचं काम तुंबलं, दोन वधूपिते येऊन बोलून गेले. पण पडद्यावर दात उमटत चालले तसा तो जेवायला नीट बसू लागला.

पाडव्याला आठ दिवस राहिले, तेव्हा धुळाजी आला. हातात पिशवी, पिशवीत काकड्या.

"अप्पा, सगळ्या गावाचे चर काढलेस म्हनं. माझ्या रानापुढं तेवढी एक रेघ वढ की."

"तुमचा चर न्हाई ना, धुळाजीभाऊ."

"खऱ्यात न्हाई. पन ह्ये कुठं खरं हाय? खेळच हाय ना? एका रेघेनं तुझ्या बापाचं काय जातंय? पावने बघतेल, म्हनतेल ह्याच्याच दारात कावून न्हाई. लई वंगाळ दिसतंय."

केदारनाथला त्यात तथ्य वाटलं. शिवाय मनात दुसरंही होतं. सुंदररावांना दात हवे होते. मधेच एवढा बोडका तुकडा दिसला, तर ते म्हणायचे, इथं माणूस कंटाळला आणि सोडून दिलं. त्यानं एक चर काढला. मग एकटा बरा दिसेना म्हणून पाच काढले. धुळाजी खूश होऊन गेला.

पण ते पाच दात त्याला सुखानं बसू देईनात. विमान तिथं आलं, की त्याचं बोट अडायचं. बाकी प्रत्येक चरावर त्याचा पाय पडला होता, चिखल लागला होता, माणसाचं नाव होतं. ह्या पाचांना नाव नव्हतं.

शिवकांतानं काकडी चिरता चिरता विचारलं, "काय झालं? पुन्हा उलटे टाके पडले का?"

"न्हाई. सुलटे हायेत. पन न्हाई ते शिवलंय."

"मंग उसवा," ती म्हणाली. "काकड्या काय, परत करता येत न्हाईत. खाऊन टाकू."

दुसऱ्या सकाळी त्यानं पाचही चर पुसले आणि पहिल्या एसटीनं बीड गाठलं.

फोन पाडव्याच्या आदल्या दिवशी आला. क्लासात विमलबाई, रामहरी आणि धुळाजी तिघंही होते. गेले चार दिवस बाजाराच्या निमित्तानं कुणी ना कुणी येऊन बसतच होतं. केदारनाथनं फोनचा आवाज मोठा केला.

"केदारनाथ, काल तासभर तुमच्या तलावावर फिरलो. दात सापडले म्हणायचे."

"चर हायेत ते सर, मोटरीला पाणी आणायचे."

"असं होय! वीस वर्षं डोकं खाजवत होतो. बरं, एक विचारायचं आहे. उत्तरेला एका लांब तुकड्यात दात नाहीत. तिथं काय, राहून गेलं का?"

केदारनाथनं धुळाजीकडं बघितलं. राहून गेलं म्हटलं तर काम अपुरं, आणि आता दुरुस्तीला दिवस नाही.

"न्हाई सर. तिथं चर नाहीतच. त्या रानवाल्यांनी खांदलेच न्हाईत. शेजाऱ्याच्या चरातून पाणी घेत्यात."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "थांबा हं. माझ्याकडं त्या तलावाचा एकच फोटो आहे, नोकरीच्या शेवटच्या वर्षी विमानातून काढलेला. मुद्दाम कुणाला दाखवला नव्हता. त्यातही नेमका तिथंच काठ मोकळा आहे. मी समजत होतो, फोटोवर डाग पडलाय." सुंदरराव हसले. "तुम्ही तिथं दात काढले असते ना, तर मी म्हटलं असतं, ह्या माणसानं कंगवा बघून काठ केला. ठेवला तलाव. उद्या सीडीत जातोय."

केदारनाथनं नुसतं "बरं, बरं सर" म्हणून फोन ठेवला आणि गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला.

रामहरी मात्र धुळाजीकडं वळला. "घ्या! आभाळातून दिसतोय तुझा आळस! फोटो निघाला त्याचा!"

"धा वर्सं शेजाऱ्याचं पाणी पिलं, ते विमानवाल्यानं धरलं," विमलबाई म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

धुळाजी उठून चालता झाला. तो रुसला असं सगळ्यांना वाटलं. पण पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी सीडी टपालानं आली, आणि ती बघायला टाकळवाडीतून पहिला तोच आला, सासुरवाडीचे तीन पाहुणे घेऊन. त्यानं खुर्च्या स्वतः मांडल्या.

"अप्पा, विमान जरा खाली घे. अजून. हां, हितं." त्यानं पडद्यावर बोट टेकवलं. "सगळा काठ बघा पावनं. एकसारखा, कुनाचं काय वळखू येत न्हाई. आन ह्ये बघा, ह्ये मोकळं दिसतंय ना, ह्ये माझं."